गॅसचा वास

जर्मनीत, डार्मश्टाटला, आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. मूळच्या पुण्याच्या, औषधांच्या लॅबमध्ये केमिस्ट. प्रत्येक वाक्याला 'बहुतेक' जोडायची त्यांना सवय होती. "आज सोमवार आहे, बहुतेक," असंही म्हणायच्या.

माझ्या मुलीच्या शाळेत विज्ञानजत्रा भरली, विषय होता स्त्री-शास्त्रज्ञ. मीच मागे लागून त्यांना एक टेबल घ्यायला लावलं. केमिस्ट्रीच्या वर्गात त्या लिटमसचे रंग बदलून दाखवत होत्या, आणि मुलांनी जर्मनमधली चूक काढली की कानापर्यंत लाल होत होत्या.

मध्येच त्या थांबल्या. "गॅसचा वास येतोय," मला म्हणाल्या. मला येत नव्हता. पलीकडचे शिक्षक बर्नर पेटवायला लायटर घेऊन उभे होते. बाईंनी त्यांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "मला तर काही जाणवत नाही." माझी मुलगी त्या शिक्षकांच्या शेजारीच उभी होती. मी तिला नुसती हाताने मागे ये म्हणून खुणावत राहिले.

बाईंनी शिक्षकांच्या हातातला लायटर हिसकावला आणि जर्मनमध्ये ओरडल्या, "सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

आम्ही मैदानात थांबलो. अग्निशमन दलाच्या माणसाने तपासून सांगितलं, टेबलाखालची गॅसची नळी सुटली होती.

मी बाईंचा हात धरला. मुठीत अजून तो लायटर घट्ट धरलेला होता.

"किती घाबरलात हो!"

"स्फोटाला नाही," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं असतं तर या लोकांना तोंड कसं दाखवलं असतं?"

मी मुलीला जवळ ओढलं. वास मला आला असता, तर मी गप्पच बसले असते.