धरमपेठेतलं स्थळ

आमच्या घराण्यात मुलीचं लग्न जमवताना मुलगा नुसता बघून घेत आणि घर नीट पाहत. मुलगा आज काटकुळा असला तरी उद्या अंगाने भरेल, घर मात्र आहे तसंच राहणार, असं आत्याचं मत होतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नागपूरच्या महालातल्या आमच्या नात्यागोत्यातल्या निम्म्या मुलींची सासरं तिने पारखलेली होती आणि त्याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. घर पाहायला आई-वडील जात, आत्या तर जाईच, एखादा काका-मामाही जाई. जिला त्या घरात जन्म काढायचा ती मुलगी तेवढी जात नसे. ते वाईट दिसतं म्हणे. कुणाला दिसतं, असं मी बरेचदा विचारलं आणि बरेचदा बोलणी खाल्ली.

माझ्या ताईला धरमपेठेतलं स्थळ आलं तेव्हा साठीचं दशक सरत आलं होतं. मी शाळेत होते. वडील कचेरीत कारकून, आणि महालातल्या एका गल्लीत आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मुलाच्या वडिलांनी मँगनीजच्या खाणींच्या ठेक्यात पैसा मिळवून धरमपेठेत मोठा बंगला बांधला होता. अशा घरातून आमच्याकडे विचारणा येण्याचं कारण एवढंच, की मुलाच्या आईने ताईला कुणाच्या तरी मुंजीत वाढताना पाहिलं होतं आणि ती त्यांच्या मनात भरली होती. मायलेक येऊन तिला रीतसर पाहूनही गेले. ताईने मान खाली घालून पोहे दिले, त्यामुळे तिला मुलाचे पाय तेवढे दिसले. "पाय चांगले आहेत," असं तिने मला अगदी गंभीरपणे सांगितलं. त्यांचा होकार आला, पत्रिका जुळल्या. आता राहिलं होतं फक्त घर पाहणं.

चैत्राच्या उन्हात आम्ही निघालो. आई आणि आत्या सायकलरिक्षात, मी त्यांच्या पायाशी, आणि वडील सायकलवर बाजूने. मला नेलं ते काही लाडाने नव्हे. आत्याचं कामच असं चाले की एक पोर सोबत लागे. बर्डी ओलांडल्यावर तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तिथं गेल्यावर तू मांगं जाशील. संडासाले जायचं आहे म्हणशील, अन् सैपाकघर पाहून येशील. पाणी कुठं, मोरी कुठं, सारं सांगशील मले."

"अन् खरंच जायचं असलं तर?"

"तर मंग जाऊन ये," आत्या म्हणाली.

फाटकातून आत लाल मुरुमाची वाट होती आणि वाटेच्या टोकाला बुचाचं उंच झाड. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. हॉलच्या खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या टट्ट्या लावलेल्या, त्यामुळे आत गार, वासाचा अंधार. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि इथे तळव्याखाली गुळगुळीत थंड फरशी. मी पाय टेकला आणि मला ते घर हवंसं झालं. ताईसाठी वगैरे नव्हे, सरळ माझ्यासाठीच. एखाद्याच्या ताटातला लाडू हवा असावा तसं.

मुलाची आई फार साधी बाई होती. श्रीमंतीचा तोरा तिच्यात शोधूनही सापडेना, त्यामुळे आत्याची जरा पंचाईतच झाली. मग ती बाई आम्हाला वर घेऊन गेली. जिन्याच्या शेवटी कोपऱ्यातली खोली. दोन बाजूंना दोन खिडक्या, आणि एका खिडकीत बुचाच्या फांद्या पार गजांपर्यंत आलेल्या. "ही मुलाची खोली. लग्नानंतर दोघांची," ती म्हणाली आणि आम्हाला नीट पाहता यावं म्हणून बाजूला झाली. आईने दाराला हात लावून पाहिला. सागवानी होतं.

खाली आल्यावर मी ठरल्याप्रमाणे कुरकुर केली आणि मागे गेले. स्वयंपाकघर बंगल्याच्या अगदी पाठीमागे, एक लांबलचक बोळ ओलांडून. तिथे उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा होता. मी तोवर असा ओटा पाहिलाच नव्हता. महाराजीण मला बघून हसली आणि तिने मला कैरीची फोड दिली. ती खात मी तिथे रेंगाळले, मोरी पाहिली, पाण्याचा नळ पाहिला, आणि परत आले तर आत्या गोड चेहऱ्याने सरबत पीत होती.

परतीच्या वाटेवर तिने पदराने तोंड पुसलं. मग मला म्हणाली, "तुले आयकू आली?"

"काय?"

"मी तुले हाका मारल्या. दोनदा-तीनदा मारल्या. हॉलातून."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. आत्या आईकडे वळली. "पाह्य. घर आहे की मैदान? पोरगी मांगं पडली-झडली, भाजली, हाक मारली तिनं, त कोणाले आयकू जाईल? भिंतीले?"

"घंटी बसवतील," मी म्हटलं. त्यावर आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी महाल येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

घरी निकाल लागायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरला. चहा ताईच करत होती. दोन खोल्यांच्या घरात तिला प्रत्येक शब्द ऐकू जात होता, आणि हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या घरात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, तिथे पोर देऊ नये, असं आत्याने सांगितलं. वडील खरं तर माझ्यासारखेच त्या घरावर भाळले होते. पण त्या घराची त्यांना धास्तीही वाटत होती, सणावाराला तिथे काय घेऊन जायचं याची, आणि आत्याने नाही म्हटल्यावर ते सुटल्यासारखे दिसले. आई त्या ओट्याबद्दल काहीतरी बोलली, कुणी लक्ष दिलं नाही. ताई चहाचे कप घेऊन आली, ठेवून गेली. तिला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही, तिथे मोठ्यांना काय बोल लावू?

नकार कळवायची आमच्याकडे एक ठरलेली रीत होती, पत्रिका जुळत नाही म्हणायचं. अडचण एवढीच की त्या आधीच जुळल्या होत्या. मग कुण्या दुसऱ्या ज्योतिष्याकडे नेऊन त्या पुन्हा बिघडवून आणल्या. धरमपेठेतल्या त्या माउलीने, जशी देवाची इच्छा, असा निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कुरोड्या घातल्या होत्या आणि आम्ही दोघी कावळे हाकत बसलो होतो. ताई म्हणाली, "नाहीच जायचं आहे, तर निदान सांग तरी, कसं आहे घर?"

मी फाटकापासून सुरुवात केली. मला वर्णन करायची हौस, आणि घर तर माझ्या डोळ्यांत भरलेलं होतं. मुरुमाची वाट, वाळ्याचा वास, जिना, कोपऱ्यातली खोली. ताई मध्येच थांबवून विचारी, खिडकी कोणत्या अंगाला, झाडाची फुलं खोलीत पडत असतील का. मग तिने जरा अडखळत विचारलं, "दाराला आतून कडी आहे?"

"आहे. चांगली पितळी."

आमच्या घरात दोरीवर टाकलेल्या सतरंजीच्या आड ताई लुगडं बदलत असे. रडायचं असलं तर आम्ही बायका गच्चीवर यायचो, आणि तिथे शेजारच्यांच्या गच्च्या. माझी ताई तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती आणि तिने आयुष्यात कधी एकही दार स्वतःच्या मागे लावलं नव्हतं. हे मला त्या सकाळी कळलं आणि फार वाईट वाटलं. कावळ्याने दोन कुरोड्या नेल्या तरी आम्ही उठलो नाही.

वर्षभरात तिचं लग्न कन्हान नदीकाठच्या खाप्याला झालं. घर आत्याला एकदम पटलं. एकामागे एक तीन खोल्या, आत सासू-सासरे, दीर, नणंदा. तिथे हाक मारायची गरजच नव्हती. नुसता सुस्कारा टाकला तरी तिसऱ्या खोलीतून "काय झालं वं?" येई. मेहुणे सोन्यासारखे. ताईने कधी तक्रार केली नाही, ती तिथे रुळली, तिच्या बोलण्यात 'मले-तुले' आलं, कन्हानच्या पाण्याचं कौतुक आलं. पण माहेरी आली की भांडी घासता घासता, डाळ निवडता निवडता, ती मला सहज विचारल्यासारखं विचारी. त्या घराच्या जिन्याचा कठडा लाकडी होता की लोखंडी? त्या खोलीतली फरशी कोणत्या रंगाची म्हणाली होतीस? मला आठवे तेवढं मी सांगे. कधीही न पाहिलेल्या घराची माणसाला इतकी ओढ लागते, हे मी तिच्याकडून शिकले. मला ते घर दिसलं होतं म्हणून मी ते विसरूही शकत होते. तिला ती सोय नव्हती.

ऐंशीचं दशक सरता सरता धरमपेठेतले बंगले एकेक करून विकले जाऊ लागले. आत्या तेव्हा हयात नव्हती. मी नोकरीला लागले होते आणि जाता-येता मला त्या फाटकावर पाटी दिसली, 'घर विकणे आहे'. ताई डोळे तपासायला नागपूरला आली होती. मी तिला सांगितलं, सांगितल्याशिवाय राहवलंच नाही.

"चाल, पाहून येऊ," ती म्हणाली.

"ताई, आपण त्यातली एक वीट तरी घेऊ शकतो का?"

"पाहाले काय लागते?"

दार त्यांनीच उघडलं, ताईने ज्यांचे फक्त पाय पाहिले होते. केस पांढरे होत आलेले, डोळ्यांना जाड चष्मा. मी ओळखलं. त्यांनी ताईला ओळखलं नाही, आणि ओळखायचं तरी कशावरून? "घर पाहायला आलात ना? या," ते म्हणाले. आई-वडील गेले, मुलं पुण्याला शिकायला, एवढ्या घरात आम्ही दोघंच, झाडलोटही होत नाही, असं सांगत ते आम्हाला घेऊन फिरले. ताई त्यांच्या मागून नव्हे, बरोबरीने चालत होती. जिना कुठे वळतो ते तिला ठाऊक होतं. कोपऱ्यातल्या खोलीत ती खिडकीपाशी गेली, गजावर हात ठेवून उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, "तू बरोबर सांगितलं होतं." काय करावं ते सुचेना म्हणून मी उगाच भिंतीच्या पोपड्यांकडे बघत राहिले.

खाली हॉलात त्यांनी आम्हाला बसवलं आणि चहासाठी बायकोला हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. "मागे ऐकू जात नाही हो तिला," ते ओशाळून म्हणाले, "तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं." ताईने मान हलवली. आत्या काय म्हणाली होती ते तिला पाठ होतं.

"मग? घर पसंत पडलं?" त्यांनी विचारलं. विचारलं मला. माझ्या खांद्याला पर्स होती.

मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "पसंत आहे."

"छान. मग एकदा मिस्टरांना घेऊन या. त्यांना विचारून कळवा."

"त्यांले काय इचारायचं?" ताई म्हणाली. ती पदर सावरून उठली होती आणि बोलताना सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. "तुम्ही मले इचारून राहिले ना? मले पसंत आहे."