शकुकाकूंचं दार आणि पाऊल चुकणारी मोटर

मागच्या शनिवारी मोताळ्यात, घरामागच्या टिनाच्या शेडात माझी सीएनसी मशीन हट्टाला पेटली. भंगारातलं लोखंड, ऑनलाइन मागवलेल्या मोटर आणि यूट्यूबच्या भरवशावर मी स्वतः जुळवलेली मशीन... कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकडावर नक्षी कोरते. म्हणजे, कोरायची.

प्लायवर ट्रायल म्हणून एक वेल कोरायला लावली. अर्धी वेल सुरेख, आणि पुढची अर्धी चक्क बोटभर बाजूला!

काम होतं शेजारच्या शकुकाकूंच्या नव्या घराच्या दाराचं. काकांनी बांधावर लावलेला साग गेल्या वर्षी वादळात पडला. काका तर त्याआधीच गेले... त्या झाडातून दाराजोगी रुंद फळी एकच निघाली. ती बिघडली तर दुसरी आणायची कुठून?

म्हणून ठरवलं, प्लायवर वेल बिनचूक आल्याशिवाय त्या फळीला हात लावायचा नाही.

स्टेपर मोटर मोजून पावलं टाकते, पण मागे वळून पाहत नाही. कुठे अडकून पाऊल चुकलं तरी कॉम्प्युटरला वाटतं सगळं बरोबर आहे, आणि चुकीच्या जागेवरून पुढचं कोरकाम चालूच राहतं. अशी काही माणसंही ओळखीची आहेत... पण ते असो.

मग मी हात धुऊन मागे लागलो. मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरचा करंट वाढवला, तर मोटर तापली. स्पीड कमी केला, वायरी बदलल्या, स्क्रू आवळले... वेल सरकायची ती सरकतच होती.

भाऊ म्हणाला, "काऊन डोकं फोडून राह्यला बे? चिखलीहून कोरून आन ना."

नाही म्हणजे नाही! मीही काही कमी हट्टी नाही.

बिघडलेले सगळे प्लाय रागारागात भिंतीला लावून ठेवले आणि बघतो तर... वेल दर वेळी एकाच जागी सरकली होती. वायरीचा दोष असता तर कुठेही सरकली असती. म्हणजे त्या जागीच काहीतरी अडत होतं.

मेन स्विच बंद केला, मोटर सोडवली आणि मशीनला सरकवणारा आट्यांचा लांब दांडा हाताने फिरवून पाहिला. सरसर फिरला... आणि नेमका त्या जागी जड झाला. टॉर्च मारला, तर आट्यांत लाल-पिवळा थर. हळद-कुंकू!

दसऱ्याला आम्ही अवजारं पुजत होतो, तेव्हा शकुकाकू ताट घेऊन आल्या होत्या. "माह्या दाराची मशीन हाय, मीच पूजा करीन," म्हणाल्या. ओल्या हळद-कुंकवाची बोटं त्यांनी बरोब्बर त्या चकचकीत दांड्यावर ओढली. वर माझं तेल, त्यावर भुसा... वाळून डिंक झाला होता नुसता.

डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन आटा न् आटा घासला. प्लायवर वेल बिनचूक आली. मग काकूंची फळी लावली, आणि काम होईपर्यंत इमर्जन्सी बटणावरचा हात काही काढला नाही. वेल शेवटच्या पानापर्यंत जागेवर!

काकूंना बोलावलं. हळदीचं सांगितलं नाही आणि सांगणारही नाही... त्या फेसबुकवर नाहीत, कोणी चहाड्या करू नका.

त्या कितीतरी वेळ वेलीवरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "रोप लावलं तवाच तुह्ये काका म्हने, याचं आपल्या घराले दार करू. मी हासली होती त्याहिले..."

काकांचा शब्द माझ्या शेडात पुरा झाला... घरी जुळवलेल्या मशीनला याहून मोठं काम काय मिळणार?