रिफंडातून येणारा कूलर

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. आदल्या संध्याकाळी आमचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं आणि इकडे अमरावतीत डाळ निवडता निवडता मी त्याला सुनवायची पुढची वाक्यं जुळवत बसले होते. दुपारी अकोल्याहून वहिनीचा फोन आला. "ताई, तुमचे भाऊ गेले..." एवढंच ती बोलू शकली. घराजवळच्या बुद्धविहारातल्या अभ्यासाच्या खोलीत वर्तमानपत्र वाचता वाचता त्याची मान कलली. शेजारच्या पोरांना वाटलं, आजोबांना डुलकी लागली. आता महिना उलटून गेला. पण खरं सांगते, माझा राग अजून पुरता उतरलेला नाही. या माणसानं जन्मात कधी भांडण अर्धवट सोडलं नाही, आणि माझ्याशी चाललेलं तेवढं सोडून गेला.

भांडण आयकराच्या रिफंडावरून होतं. हसू नका. आमच्या घरात या रिफंडानं जेवढी डोकी तापवली, तेवढी अकोल्याच्या उन्हानंही तापवली नसतील. भाऊ सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत होता. निवृत्तीच्या थोडं आधी, एका वर्षी त्याच्या पगारातून कर कापला गेला, पण कार्यालयानं तो भरताना पॅन नंबर चुकवला. आयकर खात्याच्या लेखी भाऊनं त्या वर्षीचा कर बुडवला. मागणी निघाली, तिच्यावर व्याज चढत गेलं. इकडे निवृत्तीचे पैसे त्यानं बँकेत ठेवले, तर व्याजावर बँक टीडीएस कापायची. भाऊचं एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आतलं, म्हणून तो कर परत मिळायला हवा. मिळायचाही... कागदावर. विवरणपत्र भरलं की रिफंड मंजूर व्हायचा आणि हातात पडायच्या आत त्या जुन्या मागणीत वळता व्हायचा. त्याआधी नोटीस यायची, मागणी मान्य आहे का? भाऊ दर वर्षी 'असहमत' नोंदवायचा आणि जुनी पगाराची स्लिप जोडायचा. उत्तर यायचं, तुमच्या कार्यालयाकडून दुरुस्ती करून आणा. कार्यालयात जावं तर प्रयोगशाळाच दुसरीकडे विलीन झालेली, आणि तिथले नवे साहेब म्हणायचे, हा आमच्या काळातला विषय नाही.

त्याचे कर सल्लागार भले गृहस्थ. ते म्हणायचे, "काका, उरलेली रक्कम भरून टाका, पुढचे रिफंड तरी सुटतील." भाऊ उसळायचा. "एकडाव कापला न माह्या पगारातून? मंग पुन्हा कावून भरू? मी काय चोर आहो?"

हा त्याचा जुनाच स्वभाव. लहानपणी आम्ही मूर्तिजापूरला होतो, तेव्हाची एक जत्रा आठवते. आकाशपाळण्याचे पैसे भाऊनं देऊन झाले होते, पाळणेवाला म्हणे दिलेच नाहीत. आईनं कटकट नको म्हणून पुन्हा दिले. मी पाळण्यात बसले, भाऊ बसला नाही. पाळणा वर गेला की मला तो खाली दिसायचा, हाताची घडी घालून उभा. त्याचं लक्ष पाळण्याकडे नव्हतं, पाळणेवाल्याकडे होतं. माझी सगळी मजा त्यानं घालवली, ते वेगळंच.

आता हा हट्ट स्वतःपुरता ठेवला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यानं जाहीर केलं, घरात नवा कूलर येईल तो रिफंडातूनच. घरातला लोखंडी कूलर कधीचा, ते तोही सांगू शकत नव्हता. टाकी गळायची, पंखा खडखडायचा, एका पायाखाली विटेचा तुकडा. पंप बंद पडल्यापासून वाळ्याच्या ताट्यांवर तांब्यानं पाणी मारावं लागायचं. म्हटलं, निदान पंप तरी बदल. तर म्हणे, "जुन्यावर खर्च कावून करू? नवा येऊन राहिला न!" पेन्शन व्यवस्थित होती हो. दहा कूलर आणले असते. पण नाही, आणि त्या खडखडाटासमोर वहिनी पदरानं घाम पुसत पोळ्या लाटायची.

शेवटी मीच अमरावतीहून टेम्पोत घालून नवा कूलर पाठवला. भाऊनं तो उतरवूनही घेतला नाही, तसाच विहारात नेला. अभ्यास करणारी पोरं घामाघूम होतात, म्हणे. पुढे काय झालं ऐका... दुपारी जेवण झालं की हा गृहस्थ घरातल्या ताट्यांवर पाणी मारायचा, तांब्या खिडकीत ठेवायचा आणि माझ्याच कूलरसमोर पेपर वाचायला विहारात जायचा! वहिनीला म्हणायचा, तूही चाल. ती म्हणायची, "पोरं अभ्यास करून राहिले, तिथं मी काय भाजी निवडू?" त्या शेवटच्या संध्याकाळी मी त्याला हेच म्हटलं होतं, तुझ्या हट्टापायी माझी वहिनी उन्हाळ्यात भाजून निघते. तो म्हणाला, "या वर्षी येते पाह्य रिफंड." मी फोन आपटला.

मागच्या आठवड्यात अकोल्याला गेले. आयकर खात्यात वहिनीची वारस म्हणून नोंद झाली होती. भाऊनं जाण्याआधी भरलेल्या विवरणपत्राचा रिफंड मंजूर होता, आणि सोबत तीच नोटीस. कर सल्लागार लॅपटॉप घेऊन घरी आले. म्हणाले, "काकू, आता होकार देऊन टाका. हा रिफंड वळता झाला की थोडीच बाकी राहील, ती भरली की मोकळ्या व्हाल."

मी म्हटलं, "वहिनी, हो म्हन. कूलर मी आजच आनतो बापा."

मला खात्रीच होती. याच वहिनीनं वर्षानुवर्षं भाऊच्या विनवण्या केल्या होत्या, 'हो म्हना न एकडाव, सुटा त्याच्यातून.'

"नाई म्हना," ती सल्लागारांना म्हणाली.

"काकू, व्याज वाढत राहील."

"वाढू द्या. त्याईनं भरला होता टॅक्स. आता ते नाई आन् मी हो म्हनलं, त माह्या नवऱ्यानं बुडवला असंच होते न?"

"आन् कूलर?" मी विचारलं.

"येईल न रिफंडातून."

मी कपाळावर हात मारून घेतला. सल्लागारांनी निमूटपणे 'असहमत' नोंदवलं आणि पगाराची ती स्लिप पुन्हा जोडली. वहिनी त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली. बाहेर ऊन रणरणत होतं, कूलर खडखडत होता आणि ताट्या कोरड्या ठाक पडल्या होत्या. तांब्या खिडकीत होता, भाऊ ठेवायचा तिथेच. मी बडबडत उठले, तांब्या भरला आणि ताट्यांवर पाणी मारायला लागले.

"घे भाऊ," म्हटलं, "मलेही लावलं तू कामाले."