दोराला लावलेलं रबर

मरोळच्या एका कारखान्यात मी रबरी मालाची तपासणी करते. तिथे स्नबर बनतात. हातभर लांब, जाड, कुत्र्याला चघळायला देतात त्या हाडासारखे दिसणारे तुकडे. बोट धक्क्याला बांधायच्या दोरात ते गुंतवले की लाटेचा हिसका रबर खातं, बोटीच्या खुंट्याला बसत नाही. सगळा माल परदेशात जातो. तिकडे बोटींचे फार लाड असतात.

आमची बोट वेसाव्याला. मासेमारी आता भाऊ बघतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांकडे एकच काम उरलं होतं, सकाळी जेटीवर जाऊन दोर बघायचा. शेजारून दुसरी बोट गेली की आमची हिसडे खायची, खुंटा करकरायचा. मग दोर सैल कर, घासलेल्या जागी चिंधी गुंडाळ, असं बाबांचं दोन तास चालायचं. जेटीच्या पायऱ्या शेवाळलेल्या. मला त्यांची काळजी वाटायची आणि ती मी ओरडून दाखवायचे.

शेवटी साहेबांना विचारून दोन स्नबर घरी आणले. वरची कंपनीच्या नावाची अक्षरं तिरकी उमटली म्हणून मीच नापास केलेले. रविवारी जेटीवर जाऊन मी दोर मधोमध कापून रबराच्या दोन टोकांना बांधायला निघाले. बाबांनी हातातली सुरी काढून घेतली.

"रबर तुटला तं बोट जाईल ना गो!"

मग त्यांनीच अख्खा दोर रबराभोवती तीन वेढे देऊन टोकांच्या खाचांत अडकवला. दहा वर्षं मी तो माल तपासतेय. तो बांधतात कसा, हे मला त्या दिवशी कळलं.

खुंटा गप्प झाला. भाऊ खूश. "झकास! बाबा, आता तू येऊ नको."

बाबा गेले नाहीत. चार दिवस खुर्चीत बसून राहिले, ताटातली भाकरी अर्धी टाकायला लागले. पाचव्या दिवशी मी विचारलं, "जेवत का नाहीस?"

"मना काय काम हाय आता?"

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण उपाय माझाच होता, त्यामुळे राग कुणावर काढायचा हे कळेना.

आमचं रबर उन्हात वर्षानुवर्षं टिकतं. तपासणीचा तसा कागद मीच भरते.

"बाबा," मी म्हणाले, "या रबराला ऊन सोसत नाही. रोज कुणीतरी जाऊन बघायला पाहिजे. फक्त पायऱ्यांवरून जरा सांभाळून..."

सांभाळून म्हणेपर्यंत त्यांनी चप्पल घातली होती.