इर्मेली रूळ सोडते

इर्मेली हक्काराइनेनला गाडी वळवायची सवयच नव्हती, आणि यात तिचा काडीचाही दोष नव्हता. सगळा जन्म तिने हेलसिंकीत ट्राम चालवली, आणि ट्रामला हातात धरायला चाक नसतं. वळणं रूळ घेतात. ड्रायव्हरने वेग सांभाळायचा, थांबे सांभाळायचे आणि शुक्रवारी झिंगलेल्यांना नीट उतरवायचं. त्यातून तिचा मार्ग गोल. काल्लिओच्या चढावरून निघायचं, बाजारचौक, बंदर, त्योल्यो करत पुन्हा काल्लिओ. निवृत्त झाली तेव्हा आगारात केक कापताना ती म्हणाली, आता आपण सरळ जाणार. लोक हसले. पण ही बाई खरंच पलंग, शेगडी आणि संडाससुद्धा असलेलं एक जुनं मोटरहोम घेऊन आली.

घरगाडी आली खरी, पण शहराबाहेर काही गेली नाही. इर्मेलीची थोरली बहीण ओर्वोक्की तासाभरावर, पोर्कालाच्या समुद्रकाठी राहते. जूनमध्ये युहान्नुसचा सण आला की आमचं अर्धं शहर दारं लावून कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर शेकोटी पेटवायला पळतं. इर्मेलीही दोन वर्षं मोठ्या थाटात बहिणीकडे निघाली. पण पश्चिमेच्या हमरस्त्याला लागायच्या चौकात रूळ उजवीकडे वळतात, आणि त्यांच्यामागून तिचे हातही वळले. एकदा वळल्यावर परत फिरायची छाती झाली नाही. दोन्ही वेळा तिने निमूटपणे फेरा पुरा केला आणि घरी येऊन, इंजिन तापलं म्हणून बहिणीला फोन केला.

यंदा फोन ओर्वोक्कीनेच केला.

"या वेळी आली नाहीस ना, तर विकून टाक ते. अंगणात उभं करून ठेवायला खुराडं आहे का ते कोंबड्यांचं?"

"येते गं."

"हो, गेल्या वर्षीही येतच होतीस."

हे तिला लागलं. आपण पुन्हा वळलो, तर गाडी विकावी लागेल आणि उरलेलं आयुष्य याच चकरेत जाईल, फक्त आता पायी, एवढं तिला लख्ख दिसत होतं.

सणाच्या दिवशी दुपारी ती निघाली. मागचं घर दिसून लक्ष विचलित होऊ नये म्हणून तिने पाठीमागचा जाड पडदा ओढून घेतला. रस्ते ओस, दारादारांत बर्चच्या फांद्या लावलेल्या. पहिल्याच ट्रामथांब्यावर तिच्या पायाने परस्पर ब्रेक दाबला आणि अंगठ्याने बटण. बाजूच्या दाराची पायरी खटकन बाहेर आली. "अगं बये," ती स्वतःलाच म्हणाली, जरा वेळ डोकं धरून बसली, मग पायरी आत घेऊन निघाली. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. तिला हसू आवरेना.

मग तो चौक आला. इर्मेलीने रुळांकडे पाहिलं, तर रूळ नव्हतेच. दुरुस्तीसाठी सगळे उखडून ठेवले होते, नुसती वाळू आणि भोवती कुंपण. हात वळायला तयार होते, पण वळणार कशामागून? ते बिचारे चाकावर तसेच राहिले आणि गाडी थेट हमरस्त्याला लागली.

पुलावर दोन्ही बाजूंना समुद्र आला तेव्हा तिला कळलं की आपण सुटलो. मग काय विचारता. तिने खिडकी उघडली आणि खड्या आवाजात एक जुना टँगो सुरू केला. शब्द आठवेनात तिथे ट्रामच्या थांब्यांची नावं घातली, तीही चालीत बसली. समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटरहोमला तिने हात केला, मग दुधाच्या टँकरलाही केला, आणि किर्क्कोनुम्मी गावाच्या पुढे तर गाईंना हॉर्न वाजवून नमस्कार केला. इतकी खुळ्यासारखी खूश ती लग्नातही नव्हती.

पोर्कालाला गवतावर गाडी लावून, आधी घोटभर कॉफी घ्यावी म्हणून तिने पडदा सारला.

आत दोन माणसं बसली होती. एका टोकाला मांडीवर बर्चच्या फांद्यांची जुडी घेतलेले म्हातारे गृहस्थ, आणि होता होईल तेवढ्या लांब, दुसऱ्या टोकाला, नव्या बटाट्यांची पिशवी घेतलेली बाई. दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते.

गृहस्थ अदबीने उठले. त्यांच्या सांगण्यावरून उलगडा झाला तो असा: ट्राम बंद, बदली गाडी येईल अशी थांब्यावर पाटी. गाडी आली, थांबली, पायरी बाहेर आली. ते दार उघडून चढले. पुढच्या थांब्यावर या बाई चढल्या. विचारायचं काय त्यात?

"पण शहर संपलं, तेव्हा तरी?" इर्मेली कशीबशी म्हणाली.

"ते कळलं. म्हटलं, ड्रायव्हरला माहीत असेल."

"आणि तुम्ही गात होतात," बाई म्हणाल्या. "मध्येच कसं बोलायचं?"

आमच्याकडे गाणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण सगळ्या नोकरीत इर्मेलीने एकही प्रवासी भलतीकडे नेला नव्हता. बसा, आत्ता परत सोडते, असं म्हणून ती चाकाकडे वळलीसुद्धा. एकदा त्या चकरेत शिरलो की पुन्हा बाहेर पडायची छाती होणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तिला रडू यायला लागलं होतं.

दोघांपैकी कुणी बसलं नाही. बाईंनी पिशवी कवटाळून खाली किनाऱ्यावर रचलेल्या लाकडांकडे पाहिलं. गृहस्थांनी घसा खाकरला.

"हा शेवटचा थांबा का?"

गोल मार्गावर शेवटचा थांबा नसतो. हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. इर्मेलीने डोळे पुसले, ताठ झाली आणि आगारातल्या आवाजात म्हणाली, "हो. शेवटचा. सगळ्यांनी उतरायचं."

दोघं रीतसर आभार मानून उतरले. खाली ओर्वोक्की कमरेवर हात ठेवून, एकीची वाट बघता बघता तिघं मोजत उभी होती. इर्मेलीने चावी काढली, मागे कुणाचं काही राहिलं नाही ना ते पाहिलं आणि स्वतःही उतरली.