लव्हॉनची वही

हसा मला, पण लव्हॉन कुसेरा पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं, बाई थंडीला कंटाळून कॉलेजच्या जिममध्ये ऊब घ्यायला आली असेल. मांडीवर शाल, गालात पेपरमिंटची गोळी. अहो, अख्खा सामना तिच्या वहीत होता! नेब्रास्काच्या त्या गावात फलक काय वाटेल ते दाखवो, गुण खरे ते लव्हॉनच्या वहीतले. एकतीस वर्षं. नवरा गेला त्या आठवड्यातही आली. "घरी बसून कुणाचे फाउल मोजू?" म्हणाली.

त्या मार्चमध्ये आठ कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेची फायनल गावातच होती. एकोणीस वर्षं चषक आला नव्हता. अकरा सेकंद उरले आणि पाहुण्यांनी टाइमआउट घेतला. फलकावर गावाचे एकाहत्तर, पाहुण्यांचे सत्तर.

वहीत मात्र दोघांचेही सत्तर.

लव्हॉनने रकान्यावरून दोनदा बोट फिरवलं. मघाशी कोल्बीने, तिच्या सख्ख्या बहिणीच्या नातवाने, लांबून बास्केट केली होती. पाय तीन गुणांच्या रेषेला लागला म्हणून पंचाने दोनच बोटं दाखवली. शेजारी फलकाची बटणं सांभाळणाऱ्या डॅरेलने आनंदाच्या भरात तीन गुण चढवले होते.

"डॅरेल, एक उतरव."

"गप गं! कुणी बघितलंय?"

"मी."

"अगं, तुझाच नातू आहे तो!"

"म्हणून तर."

आणि तिने भोंगा दाबला. पंच धावत आला, वही बघितली, फलकावरचा एक गुण गेला. जिम खवळलं.

"म्हातारे, पाहुण्यांच्या बसमधून जा आता!"

बहीण तर बाकावर चढून ओरडली, "एकाच आईच्या पोटची ना गं तू?"

लव्हॉनने मान वर केली नाही. पेन्सिलीला टोक काढलं आणि पुढचा रकाना आखला.

सामना ज्यादा वेळेत गेला. गाव तीन गुणांनी हरलं. पाहुणे जिंकणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे शिडीवर चढून आठवणीसाठी बास्केटची जाळी कापत होते, तेव्हा ती शांतपणे बेरजा तपासत होती. डॅरेल खुर्च्या मिटता मिटता धुमसत होता.

"बुटाचं टोक, लव्हॉन! नुसतं टोक लागलं होतं रेषेला!"

"म्हणजे लागलं होतं."

"अगं, नखाएवढं!"

"लागलं होतं ना?"

डॅरेलने खुर्ची आपटली. "लागलं होतं."

"मग आदळआपट कशाला करतोस? ती पलीकडची खुर्ची राहिलीय, ती उचल."