ताईची वरची ओळ

घाटकोपरच्या आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत मी ढोलकी वाजवतो आणि साउंडही सांभाळतो. मिक्सर माझ्या गुडघ्याशीच असतो. गाणारी माझी थोरली बहीण. ती बिनमाइकच्या काळात गायला शिकली, त्यामुळे तिचा सूर वर चढला की जुने भोंगे शिट्टी मारायचे आणि माणसं कानांवर हात ठेवायची. म्हणून वरच्या ओळीला ढोलकी थांबली की मी मोकळ्या हाताने तिचा आवाज उतरवायचो. पुढे चांगले स्पीकर आले, तरी हात आपला जायचाच.

शिट्टी ताईलाही नकोच होती. त्याच ओळीला ती माइकपासून दोन पावलं मागे सरायची. मला ते कधी दिसलं नाही, कारण तेव्हा माझी नजर मिक्सरवर.

यंदा जयंतीला विहारासमोर कार्यक्रम चालू असताना ढोलकीची दोरी ढिली पडली. वरची ओळ आली तेव्हा माझे दोन्ही हात दोरीत अडकलेले. मनात म्हटलं, वाट लागली. मान वर करून पाहिलं, तर ताई सवयीने दोन पावलं मागे सरली आणि गायली. शिट्टीबिट्टी काही नाही. साठी उलटलेल्या बाईचा आवाज पटांगणभर गेला, आणि चटईवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून ती ओळ गिळली होती.

गाणं संपल्यावर ताई माझ्याकडे वळली. "आज काय केलंस रे?"

"काही नाही केलं."

"मग दरवेळी तेच करत जा."